प्ले बटण कुणाला दाबता येते?

दोन महिन्यांपूर्वी आपल्या संकेतस्थळावर आम्ही पहिले ध्वनिमुद्रण टाकले. निकाहनामा, मेहर, खुला आणि पोटगी या विषयांवर वकिली करणाऱ्या एका भगिनीने शिबिरात दिलेले चाळीस मिनिटांचे व्याख्यान. एका तयार प्लगिनमधून प्लेअर घेतला. हिरवा पट्टा, मधोमध गोल बटण, आवाजाबरोबर नाचणाऱ्या लाटा. दिसायला छान होता. चार दिवसांनी मालेगावहून एका वाचकाचा फोन आला. मुलगा बी.ए.ला आहे, दृष्टिहीन आहे, आपला जुना वाचक आहे.

"सर, व्याख्यान टाकलंय म्हणता, पण ते आहे कुठे?"

आम्ही म्हणालो, पान उघडल्यावर वरच आहे.

"वर माझा फोन नुसता 'बटण, बटण, बटण' बोलतोय. सात बटणं मोजली. त्यातलं कुठलं दाबू? तिसरं दाबलं तर कॉलेजच्या ग्रुपवर कसली तरी लिंक गेली."

आम्ही हसलो, तोही हसला. पण फोन ठेवल्यावर हसण्यासारखे काही उरले नाही. 'सर्वांसाठी खुले' असे त्या पानावर आम्हीच लिहिले होते.

चूक कुठे होती ते आधी सांगतो, कारण तीच चूक आपल्यापैकी अनेकांच्या संस्थांच्या संकेतस्थळांवर आज बसलेली असेल. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती चालू केली की पडद्यावर बोट फिरवताना खाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. आयफोनमध्ये हेच काम व्हॉइसओव्हर करतो. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी त्याची सुरुवात केली, आणि ते दोघेही दृष्टिहीन होते. हे स्क्रीन रीडर चित्र पाहत नाहीत, ते नाव वाचतात. डोळस माणसाला त्रिकोण दिसला की 'प्ले' कळते. त्रिकोणाच्या मागे 'प्ले' हा शब्द कुणी लिहिलाच नसेल, तर फोन बिचारा 'बटण' यापलीकडे काय सांगणार? आमच्या सुंदर प्लेअरमधल्या एकाही बटणाला नाव नव्हते. पुढे-मागे सरकवायची पट्टी तर स्क्रीन रीडरच्या लेखी अस्तित्वातच नव्हती, ती बोटाने ओढायचे नुसते रंगवलेले चित्र होते. लाटा नाचत होत्या, त्या कुणासाठी कोण जाणे.

मग आम्ही थोडे शोधायला लागलो, तेव्हा कळले की दाराबाहेर राहिलेला हा एकटाच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीने सांगितले की पान उघडेपर्यंत दीड मिनिट जाते, आणि दिवसाचा डेटा भाऊ आणि ती वाटून वापरतात. एका कार्यकर्त्याचा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. त्याने भावाला विचारले, यात काय सांगितलंय ते लिहून का नाही देत? ऐकू येणाऱ्यांना हा प्रश्न सुचला नव्हता.

भारतात २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. त्यात दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख आणि श्रवणाचे तेवढेच. त्यांच्यात आपल्या मोहल्ल्यातले लोकही आहेत. फक्त सभेला ते येत नाहीत, कारण सभा जिन्यावरच्या हॉलमध्ये असते, आणि येत नाहीत म्हणून आपल्याला ते नाहीतच असे वाटते. संकेतस्थळाचेही असेच होते.

उपाय अवघड निघेल असे वाटले होते. निघाला उलटाच: जे लावले होते ते काढून टाकणे.

एक काळ होता की पानावर आवाज वाजवायला बाहेरचे यंत्र जोडावे लागे. फ्लॅश हे त्यातले सर्वांत मोठे. २०१० च्या आसपास ज्यांनी संकेतस्थळे केली त्यांची मुद्रणे फ्लॅशमध्येच असत. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार बंद केला आणि जिथे पर्याय केला नव्हता तिथे करड्या चौकटी उरल्या. पण त्याच्या बऱ्याच आधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, एचटीएमएल ५ हे अधिकृत मानक झाले होते आणि त्यात ऑडिओ व व्हिडिओ हे दोन टॅग आले होते. म्हणजे प्लेअर आता ब्राउझरमध्येच असतो. क्रोम असो, फायरफॉक्स असो वा सफारी, प्रत्येकाच्या पोटात तो तयार आहे. आपण फक्त ऑडिओ टॅग लिहायचा, त्यात फाइलचा पत्ता द्यायचा, 'कंट्रोल्स' हा एक शब्द टाकायचा. एवढ्यात प्ले, थांबा, आवाज आणि सरकपट्टी मिळते. बटणांना नावे असतात, ती बहुधा फोनच्या भाषेत बोलली जातात. कळफलकावरून टॅबने तिथे जाता येते, स्पेसने चालू-बंद करता येते, बाणांनी मागेपुढे जाता येते. बाहेरून एकही किलोबाइट मागवावा लागत नाही.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना तर टॅग लिहायचीही गरज नाही. लेख लिहायच्या पडद्यावर 'ऑडिओ' नावाचा ब्लॉक आहे, तो हाच साधा टॅग घालतो. आम्ही पैसे मोजून प्लगिन घेतले होते, ही गोष्ट वेगळी.

आमच्या मांडणी करणाऱ्या मित्राची तक्रार होती की ब्राउझरचा प्लेअर प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो, संकेतस्थळाच्या रंगात बसत नाही. खरे आहे. पण रोज क्रोम वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला क्रोमचा प्लेअर ओळखीचा असतो. आपला खास प्लेअर त्याला प्रत्येक वेळी नव्याने शिकावा लागतो. रंग जुळवण्याच्या हौसेपायी हे ओझे त्याच्यावर का टाकायचे? मित्राने मान्य केले, थोडे कुरकुरत.

त्याच टॅगमध्ये 'प्रीलोड' नावाची एक जागा असते. तिथे 'नन' लिहिले की वाचकाने बटण दाबेपर्यंत फाइल उतरतच नाही. रत्नागिरीच्या त्या वाचकासाठी ही एक ओळ लाटांच्या सगळ्या नाचापेक्षा मोलाची आहे. मात्र मग किती मिनिटांचे आहे आणि किती एमबीचे आहे ते प्लेअर सांगत नाही, म्हणून ते आपणच खाली शब्दांत लिहायचे. आणि आपोआप वाजणे, म्हणजे ऑटोप्ले, कधीही ठेवायचे नाही. स्क्रीन रीडरही बोलत असतो. त्याच्यावर आपले व्याख्यान सुरू झाले की दोघांच्या गोंगाटात ते बंद करायचे बटणसुद्धा सापडत नाही.

फाइलच्या वजनाचा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला यायला हवा. रेकॉर्डरमधून निघालेली आमची कच्ची वेव्ह फाइल चाळीस मिनिटांना ४२० एमबीच्या वर होती. १२८ किलोबिटची एमपी३ केली तर सुमारे ३८ एमबी. एकट्या माणसाच्या भाषणाला स्टिरिओची काय गरज? मोनो, ६४ किलोबिट केले की १९ एमबी, आणि कानाला शब्द तितकेच स्वच्छ. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर हे काम काही मिनिटांत करते. हजार जणांनी ऐकले तरी सर्व्हरवरून १९ जीबीच जातील. मूळ वेव्ह फाइल मात्र फेकू नका, ती एका हार्डडिस्कवर जपून ठेवा. उद्या कुणी इतिहास लिहील तेव्हा तीच लागेल. (पुढे-मागे सरकवले की मुद्रण पहिल्यापासून सुरू होत असेल, तर दोष प्लेअरचा नसतो. सर्व्हर फाइलचा तुकडा द्यायला तयार नसतो. होस्टिंगवाल्याला सांगून ते चालू करून घ्यावे.)

इथे एक प्रश्न हमखास येतो. एवढे कशाला, यूट्यूबवर टाका आणि चिकटवा. आम्हीही तेच करत आलो आणि व्हिडिओच्या बाबतीत पुढेही काही अंशी करू, कारण व्हिडिओचा खर्च छोट्या संस्थेला झेपत नाही. पण चिकटवण्याची किंमत समजून घ्या. वाचकाने बटण दाबले नाही तरी ती चौकट आपली शेकडो किलोबाइटची यंत्रणा पानावर उतरवतेच. ऐकून झाल्यावर पुढे काय दाखवायचे हे आपण नाही, ते ठरवतात. खुला म्हणजे काय हे ऐकलेल्या मुलीला पुढची शिफारस कुणाच्या भडक भाषणाची येईल, याची हमी कोण देणार?

आणि सर्वांत महत्त्वाचे ते घरातल्या सामायिक फोनचे. आपल्या किती वाचक मुलींकडे स्वतःचा फोन आहे? अम्मीचा, भावाचा, नाहीतर शौहरचा फोन. त्यात त्यांचेच गुगल खाते चालू असते. चिकटवलेला व्हिडिओ पाहिला तरी तो त्या खात्याच्या पाहिलेल्या यादीत जाऊ शकतो, आणि मग दुसऱ्या दिवशी भावाने यूट्यूब उघडले की 'तलाकनंतरचे हक्क' या विषयाच्या व्हिडिओंची रांग लागते. एका वाचक भगिनीने हे आम्हाला सांगितले तेव्हा ती घाबरलेली होती. आम्ही हक्कांची माहिती देत होतो आणि त्याच वेळी तिच्या घरात चुगली करत होतो. आपल्याच सर्व्हरवरची साधी ऑडिओ फाइल अशी कुणाला खबर देत नाही. ब्राउझरच्या इतिहासात पानाचा पत्ता उरतो, तो तिला पुसता येतो. पूर्ण सुरक्षित असे आम्ही म्हणणार नाही. पण चुगलखोर तरी नाही.

व्हिडिओसाठी आम्ही मधला मार्ग काढला आहे. पानावर फक्त एक चित्र आणि नाव असलेले बटण. दाबले तरच यूट्यूबची चौकट येते, तीही कुकी न ठेवणाऱ्या पत्त्यावरून. आणि शेजारी त्याच भाषणाची हलकी ध्वनिफीत व शब्दांकन. निवड वाचकाची.

शब्दांकनाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण खरे काम तिथे आहे. प्लेअर अर्ध्या तासात बसतो, चाळीस मिनिटांचे भाषण लिहून काढायला दोन संध्याकाळी जातात. आम्ही आधी यंत्राकडून करून घेण्याचा प्रयत्न केला. मराठी ओळखणारे एक सॉफ्टवेअर घेतले. त्याने 'इद्दत'चे 'इज्जत' केले. 'इद्दतीच्या काळातली पोटगी' ही कायद्याची बाब 'इज्जतीच्या काळातली पोटगी' होऊन बसली. 'खुला' या शब्दाला त्याने 'मोकळा' या अर्थाचे विशेषण समजून वाक्यच बदलले. व्याख्यात्या मूळच्या कोकणातल्या. मध्येच कोकणी मुसलमानी बोलीतले वाक्य आले की यंत्र गप्प. आपण जी मराठी बोलतो, उर्दूची, दखनीची, कोकणीची ये-जा असलेली, ती या यंत्रांना पुरेशी शिकवलेलीच नाही. मराठी म्हटले की एका ठरावीक घरातली मराठी, हा जुना समज यंत्रातही उतरला आहे. त्यामुळे यंत्राचा कच्चा खर्डा घ्या जरूर, पण माणसाने ऐकत ऐकत तो तपासल्याशिवाय पानावर टाकू नका. कायद्याच्या विषयात एक चुकीचा शब्द एखाद्या बाईचे नुकसान करू शकतो.

शब्दांकनाचा फायदा फक्त कर्णबधिरांना होतो असेही नाही. शब्द शोधयंत्रात सापडतात. रात्री घर झोपलेले असताना ते वाचता येते, इयरफोन नसतानाही. व्याख्यात्यांनी स्वतः ते वाचून एक तारीख दुरुस्त केली, हा फायदा तर आम्ही धरलाच नव्हता. मात्र भाषा सोपी आणि वाक्ये छोटी ठेवा. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी ही त्यांनी नंतर शिकलेली भाषा.

व्हिडिओवर चालणाऱ्या कॅप्शनची फाइल वेगळी असते. तिला वेबव्हीटीटी म्हणतात. नाव भारी आहे, पण ती नोटपॅडमध्ये लिहायची साधी फाइल आहे: पहिल्या ओळीत रोमन अक्षरांत तिचे नाव, मग वेळ, मग ओळ. आम्ही त्यात तीनदा आपटलो, तुम्ही आपटू नये म्हणून सांगतो. वेळेचे आकडे देवनागरीत लिहिले की फाइल चालत नाही. तिथे इंग्रजी आकडेच लागतात, मजकूर खुशाल देवनागरीत असो. सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये टिंब हवे. जुन्या एसआरटी फाइलीत तिथे स्वल्पविराम असतो आणि तो तसाच राहून जातो. आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली नाही तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येते. मराठी आणि इंग्रजी अशा दोन फाइली जोडल्या की प्लेअरमधून भाषा निवडता येते. आपले नियतकालिक द्विभाषिक आहे, ते इथे पहिल्यांदा खरे झाले. एक खोच आहे: ऑडिओ टॅगला कॅप्शन जोडली तरी ती पडद्यावर दिसत नाहीत. त्यामुळे ध्वनिफितीखाली पूर्ण शब्दांकनच द्यावे.

आणखी एक छोटी गोष्ट, जी आम्हाला मालेगावच्या त्या वाचकानेच दाखवली. आमच्या मराठी पानांवरही भाषेच्या जागी इंग्रजीची खूण होती, वर्डप्रेस बसवताना राहिलेली. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो आणि सगळा विचका होतो. मराठीची खूण 'एमआर' अशी दोन अक्षरांची आहे. ती घातल्यावर तो म्हणाला, "आता तुमचं संपादकीय मराठीत ऐकू येतंय." हे संपादकीय इतकी वर्षे तो कसे ऐकत होता, हे विचारायचे धैर्य झाले नाही.

ब्राउझरचा प्लेअर पुरत नसेल तर? व्हिडिओबरोबर पळणारे शब्दांकन, चालू वाक्य ठळक होणे, खुणांच्या भाषेची दुसरी चौकट असे हवे असेल तर एबल प्लेअर पाहा. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सुगम्यतेवर काम करणाऱ्या टेरिल थॉम्पसन यांनी तो उभा केला. फुकट आहे, मुक्त परवान्याचा आहे. थोडा जड आहे, त्याला जेक्वेरी लागते. दिसणे सांभाळून हलके हवे असेल तर प्लिअर आहे. तो ब्राउझरच्याच टॅगवर बसतो, बटणांना नावे देतो, कॅप्शन घेतो. कोणताही घ्या, पण तो सुगम्य आहे हे त्याच्या जाहिरातीवरून ठरवू नका.

तपासायला पैसे लागत नाहीत. माऊस काढून ठेवा आणि फक्त टॅब, स्पेस व बाण वापरून व्याख्यान सुरू करा, थांबवा, पाच मिनिटे पुढे न्या. आपण कुठे आहोत ते पडद्यावर दिसते का, तेही पाहा. फोनवर टॉकबॅक चालू करून तेच करा. (सावध: टॉकबॅक चालू झाला की एका टिचकीने काही दाबले जात नाही, दोनदा लागोपाठ टिचकी मारावी लागते. आमच्या एका कार्यकर्त्याला फोन बंद करायलाही शेजारी बोलवावा लागला.) आवाज शून्य करून पाहा, विषय कळतो का. आणि हे सगळे झाल्यावर, जो रोज स्क्रीन रीडर वापरतो त्याला विचारा. आपण दहा मिनिटे डोळे मिटून बसलो म्हणजे त्याचा अनुभव आला असे होत नाही.

कायद्याचे काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये ध्वनी, मुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य असावा असे म्हटले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. बँकेचे केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवा असे सांगितले जाते आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना ते जमत नाही, यावरून ते प्रकरण उभे राहिले होते. आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत तर मुद्रणाला लिखित पर्याय असणे ही सर्वांत खालची पायरी आहे, वरची नव्हे. उद्या आपण एखाद्या सरकारी कार्यालयाकडे किंवा धर्मादाय ट्रस्टकडे ही मागणी घेऊन जाऊ, तेव्हा ते आपलेच पान उघडून पाहतील.

सध्याची स्थिती अशी आहे. हिरवा पट्टा गेला. निकाहनाम्याचे व्याख्यान नव्या साध्या प्लेअरमध्ये आहे: १९ एमबी, चाळीस मिनिटे, खाली पूर्ण शब्दांकन. आपल्याकडे शिबिरांची आणखी अकरा मुद्रणे आहेत, त्यांतली तीन जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. त्यांचे शब्दांकन झालेले नाही, आणि ते झाल्याशिवाय यापुढे एकही मुद्रण पानावर चढणार नाही, असे संपादक मंडळाने ठरवले आहे. उशीर होईल. दोन कॅसेटमधले भाषण दखनीत आहे, त्यांना सोलापूर-लातूरकडचा कान लागेल. एक कोकणी बोलीत आहे. आठवड्याला एक संध्याकाळ देऊ शकणाऱ्यांनी कळवावे, दहा-दहा मिनिटांचे तुकडे वाटून देऊ. तपासणीची जबाबदारी मालेगावच्या त्या वाचकाने घेतली आहे. पहिल्याच दिवशी त्याने कळवले की आमच्या संपर्काच्या पानावरचे 'पाठवा' हे बटणही निनावी आहे. ते आज सकाळी दुरुस्त केले.